पाचवा महिना लागू दे

वरकुट्यात नवी सून गरोदर राहिली की पहिले तीन महिने ती गोष्ट घराबाहेर जात नाही. नवऱ्याला ठाऊक असतं, सासूला ठाऊक असतं, फार तर माहेरच्या आईच्या कानावर जातं. नजर लागेल, पोट राहणार नाही, मग चारचौघींत विचारपूस सुरू होईल, ही त्यामागची भीती. 2009 साली मी गावात आशा स्वयंसेविका म्हणून काम सुरू केलं तेव्हा ही भीती माझ्याही घरातली होती. माझ्या दोन्ही खेपांना मी चौथा महिना लागेपर्यंत कुणाजवळ बोलले नव्हते. त्यामुळे एखाद्या वस्तीवर गेल्यावर सून मोरीकडे धावताना दिसली, भाकरीच्या वासानं तोंड फिरवताना दिसली, तरी मी विचारायचे नाही. आपणहून सांगतील तेव्हा वहीत नाव घेऊ, असं म्हणून पुढच्या घराकडे वळायचे. तो मला समजूतदारपणा वाटायचा. त्याची किंमत मात्र दुसऱ्या बायकांनी मोजली.

पहिल्या महिन्यांतली लक्षणं मला पाठ होती. प्रशिक्षणात शिकवली होती आणि अंगावरही काढली होती. पाळी चुकते, छाती दुखरी होते, लघवीला सारखं जावं लागतं, दुपारी डोळे मिटायला लागतात. सहाव्या आठवड्याच्या आसपास मळमळ सुरू होते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यात उतरते. गर्भ रुजला की एचसीजी नावाचं संप्रेरक वाढायला लागतं. ते लघवीत उतरतं म्हणून किटवर दुसरी रेघ येते. एवढं मी कुणालाही न अडखळता सांगू शकत होते. पण जे पाठ होतं त्यावर माझा भरवसा गरजेपेक्षा जास्त होता. पोटात ओढल्यासारखं होतं, कधी थोडा डाग लागतो, 'पहिल्या महिन्यांत असं होतंच', हे वाक्य माझ्या तोंडात बसलं होतं. बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं. त्यामुळे कधी तरी खरं ठरणार नाही, हा विचारच मनात येत नसे.

दुसरं वाक्य होतं, 'सोनोग्राफी? पाचवा महिना लागू दे.'

ते कुठून आलं हे सांगायला हवं. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 894 मुली निघाल्या. दहा वर्षांपूर्वी 913 होत्या. 2012 साली परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण बाहेर आलं आणि गावोगाव सभा, फेऱ्या, शपथा सुरू झाल्या. आम्हा आशांना बोलायला उभं करायचे. मी मनापासून बोलायचे, कारण मला मुलगी आहे आणि ती झाली तेव्हा आमच्या घरात कुणी पेढे आणले नव्हते. पण लिंगनिदान म्हणजे काय, कायदा नेमकं काय म्हणतो, हे सगळं समजावण्यापेक्षा 'सोनोग्राफीच्या वाटेला जाऊ नका' म्हणणं सोपं होतं. बायकांना पटायचं, सासवांना पटायचं, पैसेही वाचायचे. त्यात मशीनमधून किरण सुटतात आणि कोवळ्या गर्भाला भाजतात, ही गावातली समजूत मी खोडून काढली नाही, कारण ती माझ्या कामाला येत होती. खरं म्हणजे ती मलाही थोडी खरी वाटत होती.

1994 च्या कायद्यानं गर्भाचं लिंग शोधण्यावर आणि सांगण्यावर बंदी आहे. महाराष्ट्रानं तर त्याच्या आधी, 1988 मध्येच, असा कायदा केला होता. कायद्यानं जे बंद केलं ते सोडून मी भलतंच बंद केलं होतं. आणि ज्यांना मुलगाच हवा होता ते मला विचारायला थांबले नाहीत. ते रात्री गाडी करून कुठे जायचे ते जात होते. माझं ऐकलं ते सरळ माणसांनी.

2013 साली माझ्या चुलत जावेची सून पहिल्यांदा गरोदर राहिली. घरातलीच असल्यामुळे मला लवकर कळलं. किट मीच दिलं होतं. दोन रेघा आल्या तेव्हा ती अंगणात येऊन माझ्या हातात ते देऊन पदराआड हसली होती. मी वहीत नाव लिहिलं, शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या. सगळं वेळेवर केलं याचा मला अभिमान वाटला.

काही दिवसांनी मी शेतातून येत असताना तिनं मला बांधावर गाठलं. "काकी, डाव्या अंगाला खाली दुखतंय. अन् डागपण लागतोय काळपट." मी विचारलं, किती? ती म्हणाली, थोडाच. मी म्हटलं, "पहिल्या महिन्यांत होतं असं. जड उचलू नको, पाय उशीवर घेऊन पड." ती गेली नाही, तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माझी बहीण म्हणती सोनोग्राफी करून घे."

मी तिला रागावले नाही, पण समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाचवा महिना लागू दे. आत्ता बघण्यासारखं काय असतं त्यात?"

पुढे तिनं दोनदा निरोप धाडला. एकदा मी लसीकरणाच्या यादीत गुंतले होते. दुसऱ्यांदा मी म्हटलं, उपकेंद्रात सिस्टर येतील तेव्हा ये. सिस्टर यायच्या आधीच पहाटे तिचा नवरा दाराशी आला. ती न्हाणीघरात पडली होती. ओठ पांढरे झाले होते, अंगाला घाम सुटला होता आणि पोट दुखतंय म्हणण्याऐवजी ती खांदा दुखतोय म्हणत होती. मला वाटलं पडताना खांद्यावर मार बसला. 108 ची रुग्णवाहिका तेव्हा महाराष्ट्रात सुरू झाली नव्हती, ती पुढच्या वर्षी आली. शेजारच्यांनी जीप काढली आणि आम्ही बारामती गाठली.

गर्भ गर्भाशयाच्या पिशवीत नव्हता. डाव्या गर्भनलिकेत रुजला होता, तिथेच वाढत होता, आणि वाढता वाढता नळी फुटली होती. पोटात रक्त साठलं होतं. ते रक्त वर छातीच्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं. खांद्याच्या दुखण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. तिला ताबडतोब आत घेतलं. तिच्या नवऱ्यानं आणि भावानं रक्त दिलं.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर बाहेर आल्या. "आशा कोण आहे? दुखायला लागून किती दिवस झाले होते?"

मी म्हणाले, "कालपासून."

माझ्या शेजारी माझी जाऊ बसली होती. तिला खरं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा दाराकडे नजर नेली. ती काही बोलली नाही. डॉक्टरांनी कागदावर तेच लिहून घेतलं. मी ते दुरुस्त करायला उठले नाही. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी मी सिस्टरना खरं सांगितलं. पण ज्या कागदावर ते हवं होतं तिथे ते आजही नाही. दुखणं अंगावर काढू दिलं ही चूक मी अज्ञानानं केली. हे खोटं मात्र मी समजून उमजून बोलले आणि मला त्याचं जास्त लागतं.

पोरगी वाचली. एक नळी काढावी लागली. टाके काढायच्या दिवशी मी बरोबर गेले तेव्हा डॉक्टरांनी मला बसवून समजावलं. त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर माझ्या शब्दांत लिहून ठेवलं आहे: किट गर्भ राहिलाय एवढंच सांगतं, तो कुठे राहिलाय हे सांगत नाही. नळीतल्या गर्भातही दुसरी रेघ येते, मळमळही होते, छातीही दुखते. बाहेरून फरक दिसत नाही. तो सोनोग्राफीत दिसतो. नळी फुटायच्या आधी, गर्भ लहान असताना कळलं, तर काही जणींना मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन देऊन आणि रक्तातल्या एचसीजीवर नजर ठेवून चालतं, पोट उघडावं लागत नाही. मी बांधावर 'आत्ता बघण्यासारखं काय असतं' म्हणाले होते. बघण्यासारखं नेमकं तेव्हाच होतं.

सोनोग्राफीत किरण नसतात हेही मी तेव्हाच नीट समजून घेतलं. आपल्या कानाला ऐकू येत नाहीत इतक्या वरच्या पट्टीतल्या आवाजाच्या लाटा असतात. त्या आत जातात, आदळून परत येतात आणि त्यावरून पडद्यावर चित्र उमटतं. इयान डोनाल्ड या ग्लासगोच्या प्रसूतितज्ज्ञांनी या तंत्रावरचा निबंध 1958 साली प्रसिद्ध केला. माझ्या जन्माच्याही आधीची ही गोष्ट, आणि मी 2013 मध्ये बायकांना तिची भीती घालत होते. शिवाय बाराव्या आठवड्याच्या आत मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत खात्रीनं कळतही नाही. म्हणजे ज्या पापाच्या धाकानं मी सुरुवातीची तपासणी अडवत होते, ते पाप त्या तपासणीत करताच येत नाही.

पुढे बायकांबरोबर सोनोग्राफी केंद्रात जाऊ लागले तेव्हा दारावरचा फलक नीट वाचला. प्रत्येक गरोदर बाईसाठी भरला जाणारा एफ फॉर्म पाहिला. मला लिंग जाणून घ्यायचं नाही, असं ती लिहून देते, मी लिंग पाहिलं नाही आणि सांगितलं नाही, असं डॉक्टर लिहून देतात. कायदा आणि तपासणी एकाच टेबलावर होती. मला ते सभेत सांगता आलं असतं.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. कुणाची पाळी चुकली की आठवडाही न थांबता मी तिला सोनोग्राफीला पाठवायला लागले. एक बाई अशीच फार लवकर गेली. गर्भाची पिशवी दिसली, आत काही दिसलं नाही. कागदावर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासा असं लिहिलेलं होतं. घरच्यांनी ते वाचलं नाही आणि मीही वाचून दाखवलं नाही. त्यांनी एवढंच ऐकलं की ठोका नाही. गर्भ वाढत नाही, पिशवी साफ करून टाकू, अशी बोलणी सुरू झाली. कुणी तरी मेडिकलमधून गोळ्याही आणून ठेवल्या. त्या तिनं घेतल्या नाहीत, कारण तिच्या आईनं हट्ट धरला. दुसऱ्या खेपेला ठोका ऐकू आला. ते मूल आज शाळेत जातं. हट्ट धरणाऱ्या त्या आईसमोर मी आजही मान वर करून बोलू शकत नाही.

गर्भाची पिशवी पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसते, ठोका सहाव्याच्या आसपास. पाळी उशिरा येणारी असेल तर हे दिसायला आणखी उशीर होतो. गर्भ सात मिलिमीटर झाला आणि तरी ठोका नाही, किंवा पिशवी पंचवीस मिलिमीटरची झाली आणि आत गर्भ नाही, तेव्हाच डॉक्टर वाढ थांबली असं म्हणतात. त्याच्या अलीकडे असेल तर थांबून पुन्हा बघतात. दुखत नसेल, डाग नसेल, तर सातव्या-आठव्या आठवड्यात एकदा जाणं बरं. दुखत असेल तर मात्र आठवडे मोजत बसायचं नसतं. हे दोन वेगवेगळे सल्ले आहेत. घाबरल्यावर मी त्यांचा एकच करून टाकला होता.

एका नव्या सुनेला मी पाण्याची बाटली देऊन पाठवलं होतं. भरपूर पाणी पी, लघवी धरून ठेव, म्हणजे नीट दिसतं. इंदापूरहून एसटीनं ती तशीच गेली. तिथे तिला सांगितलं, सुरुवातीचे दिवस आहेत, आतून तपासावं लागेल, आधी लघवी करून या. आतून म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते यंत्र पाहिलं आणि ती रडत बाहेर आली. तपासणी न करता घरी आली आणि नंतर माझ्याकडे यायचीच बंद झाली. पोटावरून करतात ती तपासणी मूत्राशय भरलेलं असताना, आतून करतात ती रिकामं असताना, आणि पहिल्या महिन्यांत बऱ्याचदा आतूनच करावी लागते. त्यानं गर्भाला धक्का लागत नाही, बाईची परवानगी घेऊनच करतात, आपल्या बरोबरची बाई जवळ उभी राहू शकते. ही चार वाक्यं मी आधी बोलले असते तर तिला त्या टेबलावर एकटं वाटलं नसतं. मी लाजले होते. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी असून मी लाजले.

जुन्या वह्या चाळताना आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर येते. शेवटच्या पाळीच्या रकान्यात मी तारखा लिहिल्या आहेत, पण त्यातल्या कितीतरी तारखा नाहीतच. बाई पाचव्या महिन्यात नाव घालायला यायची. मी विचारायचे, शेवटची अडचण कधी आली? ती म्हणायची, बैलपोळ्याला मी बाहेरची होते. किंवा घट उठले त्याच्या मागंपुढं. मी कॅलेंडरवर पोळा शोधायचे आणि ती तारीख टाकायचे. एकीच्या बाबतीत खरी तारीख पोळ्याच्या बऱ्याच नंतरची होती. बाळंतपणाची तारीख पुढे सरकली असती, पण वहीप्रमाणे दिवस भरून गेले म्हणून कळा आणायचं ठरलं. बाळ कमी दिवसांचं निघालं आणि काचेच्या पेटीत राहिलं. घरात उसाचं बिल यायचं होतं, त्याच्या भरवशावर उसने पैसे काढले गेले. बाळ सुखरूप घरी आलं, पण ते पैसे फेडायला त्या घराला वेळ लागला. बारा-तेरा आठवड्यांच्या आत केलेल्या सोनोग्राफीत गर्भाच्या लांबीवरून दिवस पाच-सात दिवसांच्या फरकानं कळतात. शेवटच्या महिन्यांत तोच अंदाज तीन आठवड्यांनीही चुकू शकतो. एक लवकरची तपासणी कागदावर असती तर माझा पोळा कुणी खरा मानला नसता.

आणि फॉलिक ॲसिडचं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतात ती शेवटच्या पाळीपासून सुमारे सहा आठवड्यांत मिटते. ती नीट मिटावी म्हणून या गोळ्या असतात, म्हणून त्या गर्भ राहायच्या आधीपासून घ्यायच्या. मी वर्षानुवर्षं चौथ्या-पाचव्या महिन्यात पाकीट हातात देऊन वहीत खूण केली. खूण बरोबर होती, गोळी उशिराची होती.

ऊसतोडीच्या कोप्यांकडे, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांकडे, तर मी फार उशिरा वळले. हंगामात बीडकडून, नगरकडून नवरा-बायकोच्या जोड्या येतात, फडाच्या कडेला कोप्या पडतात. त्यांतल्या गरोदर बायका माझ्या गावच्या यादीत नव्हत्या, म्हणून मी त्यांना माझ्या मानल्या नाहीत. पहाटे मोळी डोक्यावर घेऊन चाललेल्या बाईच्या पोटात कितवा महिना आहे हे विचारायला यादी लागत नाही. आता हंगाम सुरू झाला की मी किट घेऊन आधी तिकडे जाते.

माझ्या जावेची सून पुढे पुन्हा गरोदर राहिली. मला सांगितलं नाही. ती परस्पर बारामतीला गेली, सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे याची खात्री करून आली. तिला मुलगी झाली. बारशाला मला बोलावणं होतं, मान होता, पण माता-बाल कार्ड भरायला ती माझ्याकडे आली नाही, उपकेंद्रात सिस्टरकडे गेली. तिनं बरोबर केलं. एक नळी गेलेल्या आणि आधी नळीत गर्भ राहिलेल्या बाईला पुन्हा तसंच होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तिला लवकर तपासायलाच हवं होतं, आणि त्यासाठी माझ्या होकाराची वाट बघायला नको होती.

नजरेच्या भीतीला मी आजही हसत नाही. घरात एकदा पोट पडलेलं असतं, एखादी चार वर्षं वाट बघत असते, त्या घराला गप्प राहावंसं वाटणारच. पण मला सांगणं म्हणजे गावाला सांगणं नव्हे, हे मी आता दारात पाय ठेवतानाच बोलते. वहीचं ते पान मी शेजारणीला दाखवत नाही, माझ्या घरातही दाखवत नाही. लग्न होऊन आलेल्या मुलीला पहिल्या भेटीत एक कॅलेंडर देते आणि पाळीच्या तारखेला गोल करायला सांगते. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. 2016 पासून ती चालू आहे. तिची आठवण करून देते. आणि दुखण्याचं कुणी सांगितलं की विचारते: एका बाजूला आहे का, डाग काळपट आहे का, चक्कर येते का, खांदा दुखतो का. 'होतं असं' हे शब्द मी बोलत नाही.

सासवांनो, आयांनो, आणि हे घरात कुणी वाचून दाखवत असेल तर मुलांनो, तुम्हीही ऐका. घरातल्या सुनेची, लेकीची पाळी चुकली असेल आणि तिच्या ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, डाग लागत असेल, किंवा चक्कर येत असेल, तर पाचव्या महिन्याची वाट बघू नका, आशा केव्हा येईल याचीही बघू नका. 108 ला फोन लावा. तो मोफत आहे, रात्रीही उचलतात. आणि दवाखान्यात विचारलं की कधीपासून दुखतंय, तर जो दिवस खरा आहे तोच सांगा.